सायकलीचा सांगाडा : फौजी की मुलकी?

आमच्या घराच्या माळ्यावर सायकलीचा एक जुना सांगाडा पडून आहे. आजोबांच्या थोरल्या बंधूंनी ती सायकल युद्ध संपल्यावर पलटणीच्या लिलावातून आणली, अशी घरातील आख्यायिका. पुरावा म्हणून आजोबा क्रँकवरील छाप दाखवितात : एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन बंदुका. एवढी खूण असता आणखी शोध तो कसला, असे मलाही वाटे.

परंतु हाच छाप सर्वांत फसवा आहे. बर्मिंगहॅमच्या बंदूक-कारागिरांनी १८६१ साली एकत्र येऊन बी.एस.ए. ही कंपनी काढली. पुढे ती सायकली करू लागली, तरी तीन बंदुकांचे बोधचिन्ह तिने सोडले नाही. त्यामुळे शाळामास्तरांच्या व पोस्टमनच्या सायकलींवरही त्या बंदुका झळकत. शिवाय ही कंपनी सुटे भाग इतर कारखानदारांना विकत असे. तेव्हा क्रँकवरील छापावरून सांगाडा त्याच कंपनीचा, एवढेही सिद्ध होत नाही.

मग खरी खूण कोणती? ब्रिटिश सरकारच्या मालकीच्या वस्तूंवर तीन रेघांचा, कोंबडीच्या पावलासारखा दिसणारा एक बाण ठोकलेला असे. हिंदुस्थान सरकारच्या मालावर त्या बाणासोबत इंग्रजी 'आय' हे अक्षर येई. वस्तू नोकरीतून काढून विकली, की टोकाला टोक भिडवून दुसरा बाण उमटवीत. असे समोरासमोर दोन बाण सापडले, तर लिलावाची कथा खरी मानण्यास बळकट आधार मिळतो. हा छाप बैठकीजवळच्या सांध्यावर किंवा क्रँकच्या नळीखाली शोधावा. तेथे साचलेले वंगण रॉकेलच्या बोळ्याने हलकेच पुसावे.

सांगाड्याचा आकारही बोलका असतो. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ पासून, बी.एस.ए.ने हवाई छत्रीधारी सैनिकांसाठी घडीची सायकल केली. अशा साठ हजारांहून अधिक सायकली निघाल्या. तिच्या वरच्या व खालच्या बाजूंस वाकविलेल्या जोडनळ्या, मध्ये दोन बिजागऱ्या आणि हाताने फिरविता येणारे पंखदार नट असत. ती ओळखण्यास तज्ज्ञ लागत नाही. ६ जून १९४४ रोजी नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलेल्या कॅनेडियन सैनिकांच्या खांद्यांवर अशा सायकली छायाचित्रांत दिसतात. स्वित्झर्लंडची १९०५ सालची लष्करी सायकल तर जवळजवळ त्याच स्वरूपात १९८० नंतरही बनत होती.

अडचण आहे ती साध्या चौकटीची. सैन्याने सरळ नळ्यांच्या सायकलीही पुष्कळ वापरल्या आणि त्या बाजारातील सायकलींसारख्याच दिसत. बंदूक अडकविण्याचे आकडे बोल्टांनी बसविलेले असत. ते निघाले की मागे फार तर एखादा ओरखडा उरतो. उलट, युद्धात वापरलेली सायकल युद्धासाठीच बनविलेली असते असेही नाही. १९४१-४२ मध्ये जपानी सैन्य मलायातून सिंगापूरकडे सायकलींवरून धावले, तेव्हा वाटेतील नागरिकांच्या सायकलीही त्याने बळकाविल्या होत्या. त्या सायकलींवर कोणता छाप शोधणार?

राहता राहिला रंग. काळ्या रंगाखाली हिरवट थर निघाला तर उत्सुकता वाढते. पण हिरवा डबा कोणालाही विकत मिळतो. तथापि, थरांचा क्रम आणि रंगाने लिहिलेले आकडे यांना मोल आहे. म्हणून सांगाड्याला पॉलिशपेपर लावण्यापूर्वी सर्व पाहून घ्यावे.

हे मला उशिरा कळले. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी व धाकट्या भावाने बैठकीखालची नळी चकचकीत होईपर्यंत घासली होती. क्रँकच्या नळीखाली आकडा मिळाला, बाण मिळाला नाही. घासलेल्या भागाच्या कडेला काळ्या रंगाखाली बोटभर हिरवी रेघ मात्र दिसते. आजोबा विजेरी घेऊन ती पुन्हा पुन्हा पाहतात. उरलेल्या नळ्यांना आम्ही अजून हात लावलेला नाही.