स्मृतिभ्रंश आणि व्यवसायोपचार

‘व्यवसायोपचार’ या संज्ञेतील ‘व्यवसाय’ हा शब्द पुष्कळांस फसवितो. येथे अर्थार्जनाचा धंदा अभिप्रेत नाही. स्नान, वेशभूषा, स्वयंपाक, पूजाअर्चा, वृत्तपत्रवाचन इत्यादी ज्या क्रियांनी मनुष्याचा दिवस भरलेला असतो, त्या सर्व त्यात येतात. भारतात या शास्त्राच्या शिक्षणाचा आरंभ १९५० साली मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात कमला निंबकर यांच्या पुढाकाराने झाला. अर्धांगवायूच्या रोग्याचा हात सरावाने सुधारण्याची आशा या शास्त्राला धरता येते. परंतु ज्याचा मेंदू उत्तरोत्तर क्षीणच होत जाणार, त्याच्या बाबतीत उपचार करावयाचा तो कशावर?

उत्तराचा धागा स्मृतीच्या स्वरूपातच सापडतो. स्मृती एकजिनसी नाही. अल्झायमर-विकारात प्रथम ढासळते ती नुकत्याच घडलेल्या घटनांची स्मृती. हाताला जडलेल्या सवयींची स्मृती मेंदूच्या निराळ्या भागांवर अवलंबून असल्याने पुष्कळदा दीर्घकाळ टिकते. सकाळी आपण जेवलो की नाही हे न आठवणारी वृद्धा सूप हाती येताच तांदूळ बिनचूक निवडू लागते, ते यामुळेच. (स्मृतिभ्रंशाच्या सर्वच प्रकारांना हे सारखेच लागू पडते, असे मात्र समजू नये.) तिला चहा का करता येत नाही, हे पाहू गेल्यास आधण ठेवणे, साखर घालणे, गाळणे या सुट्या क्रिया तिला येत असल्याचे दिसते, अडते ते आरंभाशी आणि क्रमाशी. तेव्हा लागणारे तेवढेच जिन्नस क्रमाने समोर मांडावेत, एका वेळी एकच छोटी सूचना द्यावी, आणि तिच्या हातातील काम काढून घेऊ नये. ही शेवटची गोष्ट सर्वांत कठीण होय. घरची माणसे प्रेमापोटी, व बरेचदा घाईपोटी, सगळेच करून टाकतात, आणि शिल्लक असलेले कौशल्यही न वापरल्याने लोपते. म्हणजे उपचार होतो तो स्मृतीवर नव्हे, तर काम, घर आणि सोबतीचा माणूस यांच्या मांडणीवर.

या विचाराची पद्धतशीर कसोटी नेदरलँड्समध्ये मॉड ग्राफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी घेतली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. सौम्य ते मध्यम स्मृतिभ्रंश असलेल्या १३५ वृद्धांची व त्यांची काळजी घेणाऱ्यांची यदृच्छेने विभागणी करण्यात आली. एका गटाकडे व्यवसायोपचारक पाच आठवड्यांत दहा वेळा घरी गेले. पहिल्या चार भेटी केवळ जाणून घेण्यात व निवड करण्यात गेल्या : रोग्याला कोणती क्रिया पुन्हा जमावीशी वाटते, घरात अडथळा कोठे आहे, सोबत्याला काय झेपते. उरलेल्या सहा भेटींत घराची मांडणी बदलण्याचे व पर्यायी रीतींचे शिक्षण देण्यात आले. या गटाचे दैनंदिन व्यवहार सुधारले, काळजी घेणाऱ्यांचा आत्मविश्वास वाढला, आणि हा परिणाम बाराव्या आठवड्यापर्यंत टिकून होता.

येथेच थांबले असते तर विषय सोपा होता. परंतु तोच कार्यक्रम जर्मनीत राबविला गेला तेव्हा, २०११ च्या अहवालानुसार, केवळ एकदाच सल्ला मिळालेल्या गटाहून त्याची सरशी दिसली नाही. इंग्लंडमध्ये ४६८ जोड्यांवर झालेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीतही नेहमीच्या सेवेहून अधिक लाभ आढळला नाही. जर्मन चाचणीतील तुलनेचा गट उपचारकाच्या सल्ल्यापासून सर्वस्वी वंचित नव्हता, हे एक कारण संभवते. मापनाचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. डच संशोधकांच्या मापनात रोग्याला काम करताना प्रत्यक्ष पाहण्याचा समावेश होता. इंग्लंडमधील मुख्य मापन म्हणजे काळजी घेणाऱ्याने भरून दिलेले वीस बाबींचे प्रपत्र. एखाद्या स्त्रीला स्वतः निवडलेला चहा पुन्हा करता येऊ लागला, तरी वीस बाबींच्या बेरजेत त्याची खूण जेमतेमच उमटणार. अर्थात हा युक्तिवाद व्यवसायोपचारकांना सोयीचाही आहे. चाचणी सुरू होण्यापूर्वीच प्रत्येक रोग्याची निवडलेली क्रिया नोंदवून, कोण कोणत्या गटात आहे हे ठाऊक नसलेल्या निरीक्षकाकडून ती तपासून घेतल्याखेरीज तो स्वीकारता येणार नाही.