महाजालाची मानके आणि वऱ्हाडातील ‘ऱ्ह’

महाजालावरील मजकूर कोणत्याही यंत्रावर सारखाच वाचता यावा म्हणून जी मुक्त मानके ठरविली जातात, ती कोणाच्या गरजा प्रमाण मानून ठरवावीत, हा प्रश्न केवळ तांत्रिक नाही. इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने ऑगस्ट 2020 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘आरएफसी 8890’ या निवेदनाचे उत्तर निःसंदिग्ध आहे : हितसंबंधांत विरोध उत्पन्न झाल्यास अंतिम वापरकर्त्याचे हित श्रेष्ठ मानावे. एचटीएमएलच्या रचनातत्त्वांच्या 2007 मधील मसुद्यातही प्रथम वापरकर्ता, नंतर पानाचा लेखक, मग ब्राउझर घडविणारे, त्यानंतर मानक लिहिणारे आणि सर्वांत शेवटी तात्त्विक शुद्धता, अशीच उतरंड लावलेली होती.

तत्त्व म्हणून हे सर्वमान्य व्हावे. अडचण अशी की, वापरकर्ता एकविध नसतो. 1956 पर्यंत मध्यप्रदेशाची राजधानी असलेल्या नागपुरात मराठी आणि हिंदी एकाच देवनागरीत लिहिल्या जातात. तथापि लिपी एक म्हणून गरजा एक, असे अनुमान काढता येत नाही.

‘दर्या’ म्हणजे समुद्र, ‘दऱ्या’ डोंगरातल्या. ‘आचार्यांना’ वंदन करावयाचे, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचे सांगावयाचे. हा भेद मराठीत अर्थभेदक आहे. प्रमाण हिंदीला त्याची गरज पडत नाही. वऱ्हाड हे प्रदेशनामच या आडव्या रफारावाचून शुद्ध लिहिता येत नाही. 1991 मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्यातील देवनागरीची मांडणी 1988 च्या भारतीय ‘इस्की’ संहितेवर आधारलेली होती. त्या मांडणीतील ‘ऱ’ या वर्णापुढे द्राविडी भाषांतील वर्त्स्य र-काराच्या लिप्यंतरासाठी अशी नोंद आहे, आणि त्याच वर्णाच्या अर्ध्या रूपावर मराठीची सोय लावलेली आहे. शिवाय र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह ही दुसरी रीतही जुन्या आवृत्तीशी सुसंगती राहावी म्हणून ग्राह्य धरली गेली. परिणामी ‘वऱ्हाड’ हा शब्द पडद्यावर एकच दिसला, तरी यंत्राच्या स्मृतीत तो दोन प्रकारे असू शकतो. युनिकोडचे प्रमाणीकरणाचे नियमही या दोन रूपांना एक मानीत नाहीत. शोधप्रणालीने स्वतः तशी तजवीज केली नसेल, तर एका रूपाने शोधणाऱ्यास दुसऱ्या रूपातील लेख सापडणार नाहीत. आणि न सापडलेला लेख अस्तित्वातच नाही, अशी त्याची समजूत होईल.

‘ॲ’ची हकीकत याहून बोलकी आहे. हिंदी पद्धतीचा ‘ऍ’ आरंभापासून होता. मराठी ‘ॲ’ला स्वतंत्र स्थान मिळाले ते 2008 च्या 5.1 आवृत्तीत. मधल्या 17 वर्षांत ‘ॲसिड’सारखे शब्द लिहिणाऱ्यांनी ‘अ’वर चंद्र बसवून वेळ निभावली. तो मजकूर आजही तसाच पडून आहे. मराठी वळणाचे ल आणि श यांना मात्र नवे स्थान नको होते. पानाची भाषा मराठी असल्याचे लेखकाने घोषित करावे आणि टंकाने ते वळण पुरवावे, एवढ्याने काम भागते. उतरंडीत वाचकाला वर ठेवणे म्हणजे श्रमाचा भार लेखकाकडे व टंककाराकडे सरकविणे, हे येथे स्पष्ट दिसते.

मानक राबविणाऱ्यांची बाजू अगदीच टाकाऊ नव्हे. एकदा दिलेले स्थान काढून घ्यावयाचे नाही, हा युनिकोडचा नियम त्यांच्या सोयीचा खरा. पण जुना दस्तऐवज उघडणारा हाही वापरकर्ताच आहे. आक्षेप घ्यावयाचा तो संख्याबळाला प्रमाण मानण्याच्या वृत्तीवर. देवनागरीचे हिंदी वाचक मराठी वाचकांहून कितीतरी अधिक आहेत. परंतु ‘ऱ्ह’ दिल्याने हिंदीचे काही अडत नाही, आणि न दिल्याने मराठीचे अडते. ज्याला दुसरा मार्ग नाही, त्याची गरज आधी, हा निकष अधिक न्याय्य ठरेल. तो लावला म्हणजे गोंडीचा प्रश्नही उभा राहतो : मसराम गोंडी लिपीला युनिकोडमध्ये स्थान मिळाले ते 2017 मध्ये, आणि गुंजाळा गोंडीला 2018 मध्ये.

युनिकोडमधील मताधिकार मुख्यतः वर्गणीदार सदस्यांकडे, म्हणजे बव्हंशी मोठ्या कंपन्यांकडे आहे. लेखी प्रस्ताव मात्र कोणासही पाठविता येतो. त्यासोबत वर्णाच्या प्रत्यक्ष वापराचे नमुने जोडावे लागतात, आणि असे नमुने विद्यापीठांच्या ग्रंथालयांतील जुन्या छापील पुस्तकांत विपुल आहेत.