भरतीची धाव आणि न मोजलेले कष्ट

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की जळगाव-धुळ्याकडच्या रस्त्यांवर पहाटे मुलेमुली धावताना दिसू लागतात. महिनाभरात त्यांतले काही जण लंगडत आमच्या दवाखान्याची पायरी चढतात. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीत मुलांना 1600 व मुलींना 800 मीटर धावावे लागते. सराव मात्र त्याच्या कितीतरी पट चालतो.

यावल तालुक्यातला असाच एक मुलगा मध्यंतरी आला. नडगीच्या हाडावर एका ठिकाणी बोट दाबले की कळवळायचा. "सर, जास्त नाही, रोज 40 मिनिटेच पळतो," असे त्याचे म्हणणे. खोलात विचारल्यावर कळले की दिवसा तो केळीच्या कटाईवर घड वाहतो, रात्रीची वीज असली की मोटार सुरू करायला शेतात जातो आणि झोप जेमतेम 4 तास. शिवाय 'यंदा लागलो नाही तर वय निघून जाईल' ही धास्ती. तो फक्त पळणे मोजत होता. शरीर मात्र घड, जागरण आणि धास्तीही मोजत होते.

व्यायामाने ताकद वाढते हे अर्धेच खरे. व्यायामाने आधी झीज होते. भरपाई नंतरच्या विश्रांतीत, विशेषतः झोपेत होते. हाडाचे काम तर फारच सावकाश. ताण वाढला की जुने हाड आधी पोखरले जाते आणि नवे भरायला काही महिनेही लागतात. मधल्या काळात कच्च्या झालेल्या हाडाला बारीक तडा जातो. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात. पहिले दोन-तीन आठवडे तो एक्स-रेत बहुधा दिसत नाही. त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' म्हणून पळत राहू नये.

ताण मोजण्याची एक सोपी रीत अमेरिकेतील कार्ल फॉस्टर यांनी रूढ केली. सराव किती कठीण वाटला याला 10 पैकी गुण द्यायचे आणि मिनिटांनी गुणायचे. 40 मिनिटे, गुण 7, म्हणजे 280. ही रीत खेळाडूंसाठी आहे, पण मी ती त्या मुलाच्या मजुरीला लावून पाहिली: 4 तास घड वाहणे, गुण 4, म्हणजे 960! त्याचा तोच चकित झाला. आठवड्याची बेरीज वहीत लिहावी. ती एकदम दीडपट-दुप्पट होऊ देऊ नये, आणि मजुरीच्या जड दिवशी धावणे हलके ठेवावे किंवा टाळावे.

दुसरी खूण नाडीची. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी मिनिटभर मोजावी. नेहमी 60 असणारी नाडी दोन-तीन दिवस 70 च्या आसपास राहिली, झोप उडाली, चिडचिड वाढली, तर भरपाई अपुरी आहे किंवा अंगात ताप मुरतो आहे असे समजावे. महागडी घड्याळेही झोप आणि नाडी पाहूनच अंदाज सांगतात. त्यासाठी कर्ज काढू नये. सरावाच्या काळात मुलीची पाळी तीन महिने आली नाही, तर बहुधा खाणे कष्टाला पुरत नाही. लाजून लपवू नये, डॉक्टरांना दाखवावे.

त्या मुलाचे धावणे मी सहा आठवडे बंद केले आणि घड वाहणेही. तो रागावला होता. त्याच्या वडिलांना समजावणे त्याहून अवघड गेले, कारण कटाईची मजुरी बुडणार होती.

आपल्याकडच्या उन्हात आणखी एक जपायचे. जून 2014 मध्ये मुंबईत भरतीच्या 5 किलोमीटर चाचणीदरम्यान काही उमेदवार दगावले होते. धावण्यापूर्वी दुखणे मारणारी गोळी घेण्याची खोड सोडावी. अंगातले पाणी कमी झालेले असताना ती मूत्रपिंडाला घातक ठरते. धावताना कोणी असंबद्ध बोलू लागला किंवा कोसळला तर सावलीत नेऊन अंगावर भरपूर गार पाणी ओतत राहावे आणि गाडी बोलवावी. सरावानंतर लघवी काळ्या चहासारखी झाली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.