पाण्याला पाण्याचंच कुलूप

शुक्रवार म्हणजे ओमानमध्ये सुट्टीचा वार, आणि माझ्या ताईकडे धुण्याचा. मस्कतच्या अल् खुवैरमध्ये एका पाच मजली इमारतीत अगदी वरच्या मजल्यावर ती राहते. त्या सकाळी कपडे टाकायला तिने वॉशिंग मशीनचं दार उघडलं आणि अर्धी बादली पाणी फरशीवर आलं. मशीन आदल्या संध्याकाळपासून बंद होतं. प्लगसुद्धा काढलेला.

भावोजींनी एका मेकॅनिकला फोन लावला. त्याने हिंदीत, न बघताच निदान केलं: बोर्ड गेला असणार. बोर्ड म्हणजे मशीनचा मेंदू आणि बिलातला सगळ्यात मोठा आकडा. मी पाहुणा होतो, तरी मध्ये तोंड घातलं. ज्या मशीनला वीजच नव्हती, त्याचा मेंदू रात्रभर चुका कशा करणार? वीज नसताना पाणी आत येत असेल, तर दोष पाणी अडवणाऱ्या वस्तूत, म्हणजे इनलेट व्हॉल्व्हमध्ये. मशीन भरत असताना कधी शंका आली, तर हीच परीक्षा करावी. प्लग काढायचा. पाणी थांबलं तर व्हॉल्व्ह ठीक आहे, दोष त्याला हुकूम देणाऱ्यांत शोधावा. प्लग काढूनही पाणी चालूच राहिलं, तर व्हॉल्व्ह गेला.

हा व्हॉल्व्ह दिसायला अगदी सामान्य. मशीनच्या मागे जिथे नळाचा पाइप आट्यांवर बसतो, त्याच्या लगेच आत मुठीत मावेल असा प्लास्टिकचा तुकडा. त्यावर तांब्याच्या तारेची एक, दोन किंवा तीन वेटोळी, कारागीर त्यांना कॉइल म्हणतात. कॉइलला वीज मिळाली की ती चुंबक होते, आतला लोखंडी दट्ट्या वर ओढते आणि पाणी सुरू होतं. वीज गेली की स्प्रिंग दट्ट्याला खाली ढकलते आणि पाणी बंद. शाळेच्या पुस्तकात गोष्ट इथे संपते. खरी गंमत यानंतर सुरू होते.

हिशेब करून बघू. पाणी जाण्याची वाट एक सेंटिमीटर व्यासाची आहे आणि नळाला एक बार दाब आहे असं धरू. एक बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा भार. तेव्हा त्या वाटेवरचं झाकण सरळ उचलायचं तर पाऊण किलोचा जोर हवा, दाब तीन बार असेल तर सव्वादोन किलोच्या वर. जेमतेम काही वॉट खाणाऱ्या त्या चिमुकल्या कॉइलकडून हे होणं नाही. म्हणून कॉइल झाकणाला हातच लावत नाही.

झाकण म्हणजे रबराचा एक गोल पडदा. त्याच्या कडेला सुईच्या टोकाएवढं भोक असतं आणि मधोमध थोडं मोठं. मधल्या भोकावर दट्ट्याचं टोक बसलेलं असतं. नळाचं पाणी पडद्याच्या खाली येतं आणि कडेच्या भोकातून झिरपत वरच्या कोठडीतही भरतं. आता वर आणि खाली दाब सारखा. पण वरून पाणी सबंध पडद्यावर दाबतं, आणि खालून फक्त कडेच्या कड्यावर, कारण मधला भाग रिकाम्या वाटेवर टेकलेला असतो. जास्त क्षेत्रफळ वरच्या बाजूला, म्हणून जोरही वरचाच. दार बंद आहे ते पाण्यानेच दाबून धरलंय म्हणून. स्प्रिंगचं काम फक्त मधलं भोक झाकून ठेवण्याचं.

उघडताना कॉइलला एवढंच करायचं असतं, की मधल्या भोकावरचा दट्ट्या उचलायचा. भोक दोन मिलिमीटरचं धरलं, तर एक बार दाबाला जोर लागतो तीसेक ग्रॅमचा, आणि वर स्प्रिंगचा किरकोळ विरोध. दट्ट्या उचलला की वरची कोठडी मधल्या भोकातून रिकामी होते, कडेच्या बारीक भोकातून ती तितक्या वेगाने भरत नाही, वरचा दाब पडतो आणि खालचं पाणी पडद्याला स्वतःच उचलतं. आमच्या साक्री तालुक्यात पांझरेवर फड सिंचनपद्धतीचे जुने बंधारे आहेत. तिथला पाटकरी नदीशी झोंबत नाही, नेमक्या जागचा मातीचा बांध फावड्याने सरकवतो, बाकी वाट पाणीच करून घेतं. ओमानच्या फलजांवरही, म्हणजे तिथल्या पाटांवरही, वेळेच्या हिशेबाने पाणी वाटणारा असा माणूस असतो, त्याला अरीफ म्हणतात. तांब्याच्या कॉइलला मी याच पंगतीत बसवतो.

बंद होतानाही शहाणपण आहे. दट्ट्या खाली आला तरी कोठडी भरायला क्षणभर लागतो, म्हणून पडदा हळू मिटतो. धावतं पाणी एकदम अडवलं तर काय होतं, हे निकोलाय झुकोव्स्की या रशियन शास्त्रज्ञाने १८९७-९८ च्या सुमारास मॉस्कोच्या पाणीपुरवठ्याच्या नळांवर प्रयोग करून दाखवलं होतं. धातूच्या नळात सेकंदाला एक मीटर वेगाने जाणारं पाणी तत्क्षणी थांबवलं, तर दाब दहा-बारा बारनी उसळतो. भिंतीतले नळ कधी कधी धाडकन वाजतात, ते यामुळे.

आता ताईच्या मशीनकडे. बिघाड दोन जातींचे. कॉइलची तार आत तुटली तर मशीन गुणगुणतही नाही आणि पाणीही घेत नाही. प्लग काढून, कॉइलची टोकं सोडवून मल्टिमीटर लावला की उत्तर मिळतं: चांगली कॉइल साधारण तीन ते पाच हजार ओहम दाखवते, तुटलेली काहीच नाही. दुसरी जात पडद्याची. कडेच्या भोकात कण अडकला तर कोठडी भरतच नाही आणि व्हॉल्व्ह उघडाच राहतो. पडदा किंवा दट्ट्याचं टोक नीट टेकलं नाही, तर पाणी थेंबथेंब झिरपतं. ताईकडे हेच चाललं होतं, रात्रभर.

पण त्याच इमारतीत, गच्चीवरच्या त्याच टाकीचं पाणी, तळमजल्यावरच्या कुटुंबाचं मशीन ताईच्या मशीनच्याच वयाचं, आणि ते एक थेंब गळत नव्हतं. ताईचं म्हणणं, वरच्या मजल्यावर पाण्याला जोर नाही, मग उलट आपलं कमी गळायला हवं. तर्क सरळ आहे, आणि चुकीचा. कुलूप पाण्याचंच असेल तर दाब कमी म्हणजे कुलूपही ढिलं. टाकीतल्या पाण्याची पातळी ताईच्या नळापेक्षा साडेतीनेक मीटर उंच होती. दहा मीटर उंचीला एक बार, म्हणजे तिच्या वाट्याला ०.३५ बार. बऱ्याच मशीनच्या पुस्तिकांत किमान अर्धा ते एक बार मागितलेला असतो. पडद्याला खाली दाबणारा जोर ताईकडे पाव किलोच्या आसपास, तर तळमजल्यावर सोळा मीटर पाण्याखाली सव्वा किलो. तिथे कडक झालेलं रबरसुद्धा दाबून बसवलं जातं. वर ते नुसतं टेकतं.

आणि रबर कडक का झालं? मस्कतच्या उन्हाळ्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं, की जुन्या बिऱ्हाडकरूंची एक युक्ती ठरलेली असते: गीझर बंद ठेवायचा आणि अंघोळीचं गार पाणी गीझरमधून घ्यायचं, कारण घरातल्या सावलीत तेवढंच काय ते निवतं. रात्र झाली तरी सुटका नाही. मस्कत प्रांतातल्याच कुरियातला जून २०१८ मध्ये सबंध चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांखाली उतरलाच नव्हता. तापमान दहा अंशांनी वाढलं की रबराचं म्हातारपण ढोबळ मानाने दुप्पट वेगाने येतं.

क्षारांचा संशय मात्र इथे घेऊ नये. आपल्याकडे मराठवाड्यात बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या मशीनच्या जाळीवर पांढरा चुन्याचा थर बसतो, तो लिंबूसत्त्वाने सुटतो. अल् खुवैरच्या नळाचं पाणी मुळात समुद्राचं. शेजारच्या अल् घुब्रा इथे १९७६ पासून खारं पाणी गोडं केलं जातंय. आधी ते उकळून, वाफ धरून होई. २०१६ मध्ये तिथे दिवसाला सुमारे १९ कोटी लिटर क्षमतेचा, पडद्यांमधून दाबाने पाणी गाळणारा प्रकल्प सुरू झाला. या पाण्यात क्षार मोजूनमापून परत मिसळावे लागतात, नाहीतर ते नळच खाऊ लागतं. म्हणजे कारखान्यातून निघताना पाणी निर्मळ असतं. पुढे लोखंडी नळाचा गंज आणि टाकीच्या फटीतून येणारी धूळ त्याला भेटते.

नवा व्हॉल्व्ह मस्कतमधल्याच रुवीच्या बाजारातून आणला. जुना सोबत नेला नसता तर फसलो असतो. एक तोंडाचा, दोन तोंडांचा, सरळ, काटकोनी, असे प्रकार, आणि स्क्रूची भोकंही वेगळाली. अंगावर छापलेले व्होल्ट, हर्ट्झ, दाबाची मर्यादा आणि कमाल तापमान वाचून घ्यावं. गंमत म्हणजे दोन कॉइलचा व्हॉल्व्ह पावडरच्या ट्रेमधल्या तीन कप्प्यांना पाणी पुरवू शकतो: दोन्ही वाटा एकदम उघडल्या की दोन धारा हवेत एकमेकींवर आपटतात आणि तिरक्या होऊन तिसऱ्या कप्प्यात पडतात.

बदलण्याचं काम अर्ध्या तासाचं. प्लग आधीच निघालेला होता. ओमानमध्ये २४० व्होल्ट आहेत, आपल्यासारखेच जीवघेणे, आणि सोबतीला पाणी. नळाची तोटी बंद केली, खाली टॉवेल टाकून पाइप सोडवला, वरचं झाकण काढलं. भाच्याला तारांचा फोटो काढायला लावला, कारण कुठली तार कुठल्या कॉइलची हे पाच मिनिटांनी कुणालाच आठवत नाही. तारेला न ओढता टोपीला धरून टोकं सोडवली, पकडीने रबरी नळीची क्लिप सरकवली, दोन स्क्रू काढले आणि जुना व्हॉल्व्ह हातात आला. बाजारातून आल्यावर नवा उलट्या क्रमाने बसवला. पाइपातला जुना वायसर चेपला होता, तोही बदलला. एका गोष्टीवरून भावोजींशी वाद झाला: त्यांना पाइप पान्याने आवळायचा होता. प्लास्टिकचे आटे पान्याच्या जोराने तिरके जातात किंवा तडकतात. हाताने घट्ट केलं की पुरे, पाणी वायसर अडवतो. तोटी हळूहळू उघडली आणि सांध्याखाली कोरडा वर्तमानपत्राचा कागद ठेवला. दहा मिनिटांनी तो कोरडाच होता.

मग मशीन चालू केलं आणि भरता भरता मी प्लग काढला. गुणगुण थांबली. क्षणभराने पाणीही.

जुना व्हॉल्व्ह मी चहाबरोबर उघडला. पडद्याच्या मधल्या भोकाच्या काठावर, दट्ट्याचं टोक जिथे बसतं तिथे, खसखशीएवढा तपकिरी कण रुतला होता. पडद्याला त्याचा ओरखडा पडलेला. पाणी आत येण्याच्या तोंडाशी प्लास्टिकची जाळी असते, याच कणांसाठी. ती एका बाजूला फाटली होती, बहुधा कुणीतरी पूर्वी साफ करताना स्क्रू ड्रायव्हरने उचकटली असावी.

संध्याकाळी वॉचमनकडून गच्चीची किल्ली मागून घेतली. टाकीचं झाकण एका कोपऱ्यात उचललेलं होतं, त्यावर कुणीतरी वीट ठेवली होती. मोबाइलचा उजेड आत टाकला. तळाशी बोटभर गाळ होता, पडद्यावरच्या कणासारखाच तपकिरी.