घरी गोड, स्टेजवर गायब: गिटार अ‍ॅम्पच्या पोटात काय असतं?

परभणीहून एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आलाय. "दादा, घरी अ‍ॅम्प मस्त वाजतो, पण ऑर्केस्ट्रात माझी गिटार ऐकूच येत नाही. शेजारचा बँजो मात्र खणखणीत. अ‍ॅम्प विकून टाकू का?"

थांब रे. आधी बेस, मिड, ट्रेबलच्या नॉबमागे काय आहे ते बघू.

फेंडर पद्धतीच्या अ‍ॅम्पमध्ये हे नॉब आवाज वाढवत नाहीत, फक्त कापतात. तिन्ही नॉब मध्यावर ठेवले तरी ५०० हर्ट्झच्या आसपास खड्डा पडलेला असतो. एकट्याने वाजवताना तो खड्डा गोड लागतो. पण ऑर्केस्ट्रात खालची जागा ढोलक आणि बेस घेतात, वरची झांजा. गिटारला उरतं ते मधलं, आणि नेमकं तेच कापलेलं!

हा खड्डा किती खोल, हे बरंचसं एका रेझिस्टन्सवर ठरतं. फेंडरच्या साठच्या दशकातल्या अ‍ॅम्पमध्ये तो १०० किलोओहमचा. फेंडरच्याच आधीच्या बेसमॅनमध्ये ५६ चा. १९६२ मध्ये लंडनच्या जिम मार्शलच्या दुकानात त्या बेसमॅनवरूनच पहिला मार्शल तयार झाला. पुढे मार्शलने तो ३३ वर आणला आणि ट्रेबलचा कंडेन्सर २५० वरून ५०० पिकोफॅरड केला. खड्डा उथळ झाला, मिड पुढे आले. रॉकची गिटार बँडमधून फाडून बाहेर येते, त्यात या काही रुपयांच्या पार्टचा मोठा हात आहे.

आता हाताला कसं लागतं ते. दोन ट्यूबच्या मधला कंडेन्सर ०.१ मायक्रोफॅरडचा असेल तर भरपूर बेस पुढे जातो. आवाज फाटेपर्यंत वाढवला की पुढची ट्यूब त्या बेसने गुदमरते. पिक मारल्यावर सूर दबतो आणि मग उशिरा वर येतो. तिथे ०.०२२ टाकला की तोच स्ट्रोक घट्ट लागतो. (कंडेन्सर केशरी की पिवळा, यावर लोक तासन् तास भांडतात. आधी आकडा बघा, रंग नंतर.)

पण मित्रा, लगेच स्क्रू-ड्रायव्हर घेऊ नकोस. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये ३००-४०० व्होल्ट साठलेले राहू शकतात. जीव जाऊ शकतो. ते काम जाणकार मेकॅनिककडूनच.

तू आज एवढंच कर: मिड पूर्ण दहावर, बेस आणि ट्रेबल दोनवर. आवाज एकदम पडेल, घाबरू नको, व्हॉल्यूम वाढव. घरी ऐकशील तर डबड्यासारखं वाटेल. तालमीला बँजोशेजारी वाजवून बघ, आणि मग विकायचा का ते मला कळव.