जुने कडबाकुट्टी यंत्र घेताना

परभणी-पूर्णा लोहमार्गावरील पिंगळीच्या परिसरात रब्बी ज्वारीची काढणी झाली की धान्याबरोबरच कडब्याच्या गंजी उभ्या राहतात. परभणी येथे १९७२ साली स्थापन झालेल्या तत्कालीन मराठवाडा कृषी विद्यापीठाचे ‘परभणी मोती’ हे वाण धान्य व कडबा या दोहोंसाठी उपयुक्त आहे. मात्र पेंढी तशीच टाकल्यास जनावरे पाला खातात आणि धांडे तुडवून वाया घालवतात. कडब्याची बारीक कुट्टी केल्यास तीच वैरण अधिक दिवस पुरते.

अल्पभूधारकाला नवे यंत्र परवडतेच असे नाही. तो वापरलेले यंत्र घेतो. अशा वेळी केवळ किंमत पाहून भागत नाही. या यंत्रातील दातेरी रूळ पेंढी आत ओढतात व जड चाकावरील पाती ती कापतात. पेंढीबरोबर हात ओढला गेल्यास बोटे गमावण्याची वेळ येते. म्हणून चाक, पट्टा व दातेरी चक्रे झाकलेली आहेत काय, पेंढी सारण्याचे पन्हळ पुरेसे लांब असून रुळांजवळ वरून बंद आहे काय, पात्यांचे बोल्ट घट्ट आहेत काय, हे आधी तपासावे. झाकण नसल्यास ते बसवूनच यंत्र सुरू करावे.

सैल बाही, मोकळा पदर यंत्राजवळ नसावा. धार लावण्यापूर्वी वीजप्रवाह तोडावा. मुलांना दूर ठेवावे. शाळेत शिक्षकांनी व ग्रामसभेत पंचायत सदस्यांनी ही माहिती सांगितल्यास वैरणीबरोबर हातही वाचतील.