मी खातेच कुठे?

"अगं, मी खातेच कुठे? दोन पोळ्या आणि चार घास भात. तरी अंग सुटतंच आहे!"

मैत्रिणींनो, हे वाक्य भिशीत, लग्नघरात, दवाखान्यात आपण प्रत्येकीने कधी ना कधी म्हटलेलं असतं. मीही म्हणत असे, आणि अगदी मनापासून. गेल्या वर्षी रक्त तपासलं तेव्हा उपाशीपोटीची साखर ११८ निघाली. ती १००च्या आत हवी आणि १२६च्या पुढे गेली की मधुमेह समजतात. "अजून घरात आलेला नाही, पण उंबऱ्यावर उभा आहे," डॉक्टर म्हणाले. आईची शेवटची वर्षं इन्शुलिनच्या सुया टोचून घेण्यात गेलेली मी पाहिली आहेत. मी हबकलेच. "पण डॉक्टर, मी खातेच कुठे?"

ते म्हणाले, "आठ दिवस लिहून काढा. ताटातलं नको, ताटाबाहेरचं तेवढं लिहा."

दुधाच्या हिशेबाच्या वहीत मागच्या पानावर मी लिहू लागले. एका बुधवारची नोंद अशी: सकाळी चहाबरोबर दोन बिस्किटं. डबा भरताना मोडलेली अर्धी पोळी, तूप लावून. कुटासाठी दाणे भाजले, त्यातले मूठभर. मुलाच्या ताटात राहिलेला आमटीभात. चारच्या चहाला वाटीभर शेव. रात्री पातेलं घासायला टाकण्यापूर्वी तळाशी उरलेला दोन चमचे शिरा. बेरीज केली तर साधारण ५४० कॅलरी! त्यात दिवसभराच्या चार कप चहातली आठ चमचे साखर धरलेलीच नाही. तिच्या आणखी १६०.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्याप्रमाणे ५५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीला दिवसाला सुमारे १६६० कॅलरी पुरतात. म्हणजे मी ज्याला 'खाणं' म्हणतच नव्हते, ते जवळजवळ एका जेवणाएवढं होतं.

आता खरं सांगा, हे खाणं जिभेच्या चोचल्यांसाठी असतं का? फार थोडं. अकराच्या सुमाराला हात दाण्यांकडे जातो, कारण सकाळपासून सगळ्यांचं करता करता आपण नुसत्या चहावर असतो. मुलाचं उष्टं आपण संपवतो, कारण अन्न टाकवत नाही. रात्री ह्यांची वाट पाहत थांबायचं आणि तोवर डब्यात हात घालायचा. आपण हावऱ्या नाही. आपण सगळ्यांच्या शेवटी जेवतो आणि उरलंसुरलं पोटात घालतो. त्यामुळे "तोंडावर ताबा ठेव" हा सल्ला निम्मा चुकीचा आहे. ताबा ठेवण्याआधी वेळेवर पोटभर जेवायला हवं.

"पण मी कुठे लठ्ठ आहे?" असं म्हणून पान उलटू नका. आपल्या लोकांत अंगाने बारीक दिसणाऱ्याच्याही पोटात चरबी साठलेली असते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधील सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने दोघांचं वजन अगदी सारखं. पण शरीरातली चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! म्हणून काट्याबरोबर शिवणाच्या डब्यातली टेपही काढा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून, टेप न आवळता मोजा. आपल्याकडच्या स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही मर्यादा मानतात.

कोणी म्हणतं दोनदाच जेवा, कोणी म्हणतं दर दोन तासांनी खा. त्या वादात मी पडत नाही. मला उपयोगी पडलं ते एवढंच:

सकाळी चहावर भागवू नका. मुगाचं धिरडं, उसळ, अंडं, भाजी घातलेलं थालीपीठ, काहीतरी पोटाला आधार देणारं खा. अकराची वखवख निम्मी होते.

जे खायचं ते बशीत घेऊन, बसून खा. उभ्याने खाल्लेलं पोटात जातं, हिशेबात येत नाही.

मुलांना पहिल्यांदा कमीच वाढा, हवं तर पुन्हा घेतील. उष्टं उरणारच नाही.

शेव-चिवड्याचे डबे ओट्यावरून माळ्यावर जाऊ द्या. तळलेल्या फराळात १०० ग्रॅमला साधारण ५०० कॅलरी असतात. चारच्या भुकेला ताक, पेरू, काकडी किंवा मोजून मूठभर फुटाणे ठेवा.

चहातली साखर दर पंधरवड्याला अर्धा चमचा कमी करा. जिभेला कळतही नाही.

रात्री भूक लागली की जेवून घ्या. घरच्यांना तसं आधीच सांगून टाका. कुणी रागावत नाही.

मात्र मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल, दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाण्यात बदल करू नका. आणि खाणं तेवढंच असून वजन भराभर वाढत असेल तर थायरॉइडही तपासून घ्या.

पाच महिन्यांत माझी कंबर दोन इंचांनी उतरली, साखर १०२वर आली. चमत्कार नाही, पण उंबऱ्यावरचा पाहुणा दोन पावलं मागे हटला. पहिल्या रात्री साडेआठला एकटीच ताट वाढून बसले तेव्हा मात्र फार चुकल्यासारखं वाटलं होतं. धाकटी समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तू जेवताना कशी दिसतेस ते मी कधी पाहिलंच नव्हतं."

आज रात्री तुमचंही ताट वेळेवर वाढून घ्याल ना?